हिरवा दिवा काय सांगत नाही: स्विचवर सीएफएम बसवताना

पोर्टचा दिवा हिरवा म्हणजे सर्किट चालू, हा समज नेटवर्कवाल्यांमध्येही चांगलाच मुरलेला आहे. खरं तर दिवा सांगतो ते एवढंच, की समोरच्या पहिल्या डब्याकडून सिग्नल मिळतोय. आमच्या दोन डेटा सेंटरना जोडणारं सर्किट एका प्रोव्हायडरकडून घेतलेलं होतं. त्यांचा डबा आमच्याच रॅकमध्ये, आमच्या स्विचपासून हातभर अंतरावर. त्यामुळे पलीकडे काहीही तुटलं तरी दिवा हिरवा तो हिरवाच. एखादा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरचं एक वेगळं आभासी नेटवर्क, मध्येच कुठेतरी मरायचा, बाकीचे सुरळीत चालायचे आणि फोन केला की उत्तर ठरलेलं: "साहेब, आमच्याकडून लिंक अप दिसतंय." तेही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या पोर्टचाही दिवा हिरवाच होता.

मग बीएफडी (दोन राउटरमधली वाट चालू आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) का नाही लावलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. एका व्हीलॅनवर राउटिंग होतं आणि तिथे बीएफडी होतंच. पण बीएफडीला दोन्ही टोकांना आयपी लागतो, आणि ते ज्या व्हीलॅनवर चालतं तेवढ्याचीच हमी देतं. आमचे बहुतेक व्हीलॅन निव्वळ लेयर दोनचे होते, स्विचवर त्यांचा आयपी नव्हताच. ८०२.३एएच हे लिंक ओएएम, म्हणजे तारेची देखरेख करणारं मानक, तेही पाहून झालं. ते एका तारेच्या दोन टोकांपुरतं, म्हणजे आमचा स्विच आणि रॅकमधला तो डबा. तिथे तर बिघाड नव्हताच. उरलं सीएफएम, म्हणजे कनेक्टिव्हिटी फॉल्ट मॅनेजमेंट. आयईईईने २००७ साली ते ८०२.१एजी म्हणून आणलं आणि पुढे व्हीलॅनच्या मूळ ८०२.१क्यू मानकातच सामावून घेतलं. आयटीयू या दूरसंचार संस्थेचं वाय.१७३१ हे मानक त्याच फ्रेम (तारेवरून जाणारे डेटाचे पुडके) वापरतं आणि त्यात उशीर, फ्रेमगळती वगैरे मोजण्याची भर घालतं.

सीएफएमची हत्यारं तीन. दोन्ही टोकं ठरावीक वेळाने एकमेकांना "मी आहे" असं कळवत राहतात, ते सीसीएम. एका ठरावीक मॅक पत्त्याला, म्हणजे हार्डवेअरच्या पत्त्याला, हाक मारून उत्तर घेणं म्हणजे लूपबॅक. आणि वाटेतल्या थांब्यांकडून एकेक करून उत्तर मागवणं म्हणजे लिंकट्रेस. टोकाच्या बिंदूला मेप म्हणतात, वाटेतल्या बिंदूला मिप. मेप स्वतःहून बोलतो. मिप विचारलं तरच.

कमांड मॅन्युअलमध्ये असतात आणि त्या टाकायला वेळ लागत नाही. आमचा वेळ गेला तो लेव्हल ठरवण्यात.

लेव्हल ० ते ७. वापराची रीत अशी, की ग्राहकाने ५ ते ७ घ्यायच्या, सेवा विकणाऱ्याने ३ आणि ४, आणि प्रत्यक्ष तारा सांभाळणाऱ्याने ० ते २. मेपचा नियम सरळ आहे: आपल्या लेव्हलची फ्रेम आली तर ती वाचायची, वरच्या लेव्हलची आली तर हात न लावता जाऊ द्यायची, खालच्या लेव्हलची आली तर तिथेच अडवायची. म्हणजे लेव्हल ही कुणाची हद्द कुठवर, याची नोंद आहे. आम्ही ५ घेतली. प्रोव्हायडरला विचारलं तर त्यांच्या माणसाने आधी "आम्ही सीएफएम वापरत नाही" असं सांगितलं. मग आतून कुणाशी तरी बोलून परत फोन केला: लेव्हल ३ वर त्यांचं सीएफएम चालू आहे. हा प्रश्न लेखी विचारावा. तोंडी उत्तर देणाऱ्या माणसाला बरेचदा स्वतःच्या नेटवर्कात काय चाललंय ते ठाऊक नसतं, आणि त्यात त्याचाही दोष नसतो.

इथे एक बारकावा आहे, तो मॅन्युअलमध्ये सहसा एका ओळीत उरकलेला असतो. दोघांच्या लेव्हल एकमेकांना तेव्हाच भेटतात, जेव्हा दोघांच्या फ्रेमवर टॅग (व्हीलॅनचा क्रमांक सांगणाऱ्या चिठ्ठ्या) सारखेच असतात. या सर्किटवर आमचे व्हीलॅन आमच्याच टॅगने जात होते, वर दुसरा टॅग चढत नव्हता, म्हणून लेव्हलची वाटणी गरजेची होती. दुसऱ्या एका सर्किटवर प्रोव्हायडर क्यू-इन-क्यूने आमच्या टॅगवर आपला टॅग चढवतो. तिथे त्यांचा स्विच बाहेरचा टॅग काढून पाहतो तर आत आणखी एक टॅग; सीएफएमचा इथरटाइप, म्हणजे फ्रेम कशाची ते सांगणारा आकडा, हेक्स ८९०२, त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी ती साधी डेटा फ्रेम. तिथे आम्ही कुठलीही लेव्हल घेतली असती तरी चाललं असतं.

लेव्हल ठरली, मग मेपचं तोंड कुठे करायचं हा वाद. डाउन मेप पोर्टमधून बाहेर, तारेकडे बोलतो. अप मेप उलट, पोर्टवर बसून स्विचच्या आतल्या बाजूला बोलतो; त्याची फ्रेम स्विच ओलांडून दुसऱ्या पोर्टने बाहेर पडते. नावं फसवी आहेत. अपलिंक पोर्टवर अप मेप लावायचा असतो, असं वाटून अनेकजण तिथे घसरतात. आमच्या टीममध्ये दोन तट पडले. एकाचं म्हणणं, प्रोव्हायडरकडे जाणाऱ्या पोर्टवर डाउन मेप लावा, कॉन्फिग सुटसुटीत राहील. दुसऱ्याचं म्हणणं, सर्व्हरच्या बाजूच्या पोर्टवर अप मेप लावा, म्हणजे आपल्या स्विचचं पोटही तपासात येईल. मी दुसऱ्या तटातला. डाउन मेप लावला तर आपल्याच स्विचमध्ये व्हीलॅन चुकीचा जोडला गेला असला, तरी सीसीएम खुशाल चालू राहतो, कारण तो स्विचच्या आत शिरतच नाही. अप मेपचा आणखी एक फायदा नंतर कळला. सर्व्हरकडचं पोर्ट बंद पडलं तरी आमच्या स्विचवर अप मेप सीसीएम पाठवत राहतो आणि त्यात इंटरफेस बंद असल्याचा टीएलव्ही (फ्रेममधला माहितीचा तुकडा) घालतो. पलीकडच्याला दिसतं, की वाट ठीक आहे, फक्त शेवटचं पोर्ट खाली आहे. कुणी सर्व्हर काढून नेला म्हणून रात्री प्रोव्हायडरला उठवण्याची वेळ येत नाही.

शेवटी दोन्ही केलं. सेवेसाठी लेव्हल ५ वर अप मेप, आणि आमच्याच दोन स्विचमधल्या लिंकवर लेव्हल १ चे डाउन मेप. लेव्हल वेगळी, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नाही.

मेपला क्रमांकही द्यावा लागतो, १ ते ८१९१ मधला. पहिली कल्पना अशी होती, की व्हीलॅन क्रमांकापुढे १ किंवा २ जोडायचा: व्हीलॅन ११० चे मेप ११०१ आणि ११०२. दिसायला छान. पण व्हीलॅन ८१८ च्या पुढे गेला की हिशेब मर्यादेबाहेर जातो, आणि आमचे निम्मे व्हीलॅन हजाराच्या वरचे. हा क्रमांक फक्त त्या एका असोसिएशनपुरता, म्हणजे एका सेवेच्या मेपच्या गटापुरता, वेगळा असला की पुरतं. म्हणून एका साइटवर सगळीकडे १, दुसरीवर सगळीकडे २. अलार्म वाचताना साइटही लगेच कळते.

प्रत्यक्ष सर्किटला हात लावण्याआधी लॅबमध्ये तीन स्विच मांडले. दोन टोकांना दोन वेगळ्या बनावटीचे, कारण साइटवरही तसेच होते, आणि मध्ये प्रोव्हायडरचं सोंग घेणारा तिसरा. दोन्हीकडे डोमेनचं (म्हणजे त्या लेव्हलच्या हद्दीचं) नाव तेच, सेवेचं नाव तेच, लेव्हल ५, सीसीएम दर सेकंदाला. दोन्ही टोकांना सीसीएम पोचत होते आणि तरीही दोन्हीकडे क्रॉस-कनेक्टचा दोष लागला. हा दोष पाचांत सगळ्यात गंभीर मानला जातो. त्याचा अर्थ, दुसऱ्याच कुठल्या सेवेच्या फ्रेम इथे येऊन पडतायत. लॅबमध्ये दुसरी सेवाच नव्हती.

पोर्ट मिरर करून, म्हणजे त्यावरच्या फ्रेमची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढून, वायरशार्क या फ्रेम वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक सीसीएममध्ये ४८ बाइटची ओळख असते, तिला एमएआयडी म्हणतात. त्यात डोमेनचं नाव, सेवेचं नाव आणि त्या दोन्हींचे फॉरमॅट असतात. एक स्विच डोमेनचं नाव अक्षरांत पाठवत होता. दुसरा वाय.१७३१ च्या पद्धतीने डोमेनचं नाव गाळून फक्त आयसीसी (ऑपरेटरच्या कोडवर आधारलेल्या) फॉरमॅटमधलं सेवेचं नाव पाठवत होता. माणसाच्या डोळ्याला दोन्ही कॉन्फिग सारखीच दिसत होती. ४८ बाइट मात्र वेगळे. स्विच बाइटशी बाइट जुळवून पाहतो, अर्थ लावत बसत नाही. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही त्याला चालत नाही. डोमेनचं नाव दोन्हीकडे "काही नाही" ठेवलं, सेवेचं नाव साध्या अक्षरांच्या फॉरमॅटमध्ये घेतलं आणि दोष गेला. दोन बनावटीचे स्विच जोडणाऱ्याने कॉन्फिग शेजारी शेजारी ठेवून ताडण्यात वेळ घालवू नये. सरळ फ्रेम पकडून पाहावी.

सीसीएम किती वेळाने पाठवायचे, याचे पर्याय सात: ३.३३ मिलिसेकंद, १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद, १० सेकंद, १ मिनिट आणि १० मिनिटं. यापेक्षा वेगळा आकडा घेता येत नाही, कारण फ्रेमच्या फ्लॅगमध्ये यासाठी तीनच बिट आहेत. मध्यांतराच्या साडेतीन पट वेळ समोरून काही आलं नाही तर मेप संपर्क तुटल्याचं जाहीर करतो. ३.३३ मिलिसेकंदाला हे १२ मिलिसेकंदांच्या आत होतं, म्हणून ५० मिलिसेकंदांत वाट बदलणाऱ्या प्रोटेक्शन यंत्रणा ते वापरतात. आमच्या टीममधल्या एकाला तेच हवं होतं. पण ३.३३ मिलिसेकंद म्हणजे एका सेवेला सेकंदाला ३०० फ्रेम. चाळीस व्हीलॅन धरले तर एका दिशेने १२,०००. ज्या स्विचमध्ये हे काम हार्डवेअर करतं तिथे ठीक. आमच्याकडच्या एका स्विचवर ते सीपीयूच्या डोक्यावर होतं. सीपीयू दुसऱ्या कामात गुंतला की सीसीएम पाठवायला उशीर होतो आणि पलीकडे खोटा अलार्म वाजतो. वाट बदलायला आमच्याकडे दुसरी वाटच नव्हती, मग इतकी घाई कशाला? १ सेकंद ठरवला. मध्यांतर दोन्हीकडे सारखंच लागतं, नाहीतर त्याचाही दोष लागतो.

लॅबमधला खरा कामाचा प्रयोग आरडीआयचा, म्हणजे "तुझं मला ऐकू येत नाही" असं समोरच्याला कळवणाऱ्या बिटचा. मधल्या स्विचवर फिल्टर लावून फक्त अ टोकाकडून ब टोकाकडे जाणाऱ्या फ्रेम अडवल्या, उलट दिशा मोकळी. साडेतीन सेकंदांनी ब ने अ शी संपर्क तुटल्याचं सांगितलं. अ ला मात्र ब चे सीसीएम नीट येत होते, फक्त त्यात आता आरडीआयचा बिट चढलेला. फोनवर पलीकडचा "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाहीये" म्हणतो आणि आपल्याला ते स्वच्छ ऐकू येतं, तसं. अ वर आरडीआय दिसला की अ ची ऐकण्याची बाजू धड आहे. बिघाड आहे तो अ कडून निघणाऱ्या वाटेत. टीममधल्या नव्या मुलांनी पहिल्यांदा नेमका उलटा अर्थ लावला, अलार्म अ वर म्हणून अ ची आरएक्स फायबर तपासायला निघाले. मग हा प्रयोग प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घेतला. एका दिशेचा बिघाड पिंगला कधीच सांगता येत नाही. पिंगला फक्त उत्तर आलं नाही एवढंच कळतं. जाताना हरवलं की येताना, ते नाही.

आणखी एक गोष्ट लॅबमध्येच पक्की केली. काही स्विच समोरचा मेप आपोआप शिकतात. सोयीचं वाटतं, पण जो मेप कधी दिसलाच नाही तो हरवला असं त्यांना कसं कळणार? नवा व्हीलॅन पहिल्या दिवसापासून तुटलेला असेल, तर अलार्म वाजतच नाही आणि स्क्रीनवर सगळं शांत. म्हणून समोरच्या मेपचा क्रमांक हाताने लिहून ठेवला.

मग साइट. रात्रीच्या कामाच्या वेळेत दोन्ही टोकांना कॉन्फिग चढवलं, आणि एकही सीसीएम पलीकडे पोचला नाही. डेटा मात्र व्यवस्थित चालू. समोरच्या मेपचा मॅक पत्ता दुसऱ्या टोकाच्या सहकाऱ्याकडून फोनवर घेऊन हाताने लूपबॅक मारला, तर लगेच उत्तर. इथेच कोडं निम्मं सुटलं. लूपबॅक आणि सीसीएम दोन्हींचा इथरटाइप एकच, लेव्हल एकच, व्हीलॅन एकच. फरक फक्त कुणाच्या पत्त्यावर जातात त्याचा. लूपबॅक एका ठरावीक मॅकला जातो. सीसीएम मल्टिकास्टला, म्हणजे अनेकांसाठीच्या एका पत्त्याला, ०१-८०-सी२-००-००-३ आणि शेवटी लेव्हलचा आकडा, आमचा ३५. ०१-८०-सी२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपैकी ००-००-०० ते ००-००-०एफ हे १६ स्विचने पुढे पाठवायचे नसतात. स्पॅनिंग ट्री, एलएसीपी वगैरे त्यांत येतात. ३० ते ३एफ त्या यादीत नाहीत, ते साध्या मल्टिकास्टसारखे पुढे जायला हवेत. प्रोव्हायडरच्या एका डब्यावर मात्र कुणीतरी अख्खा ०१-८०-सी२ चा पट्टाच लेयर दोनचे कंट्रोल प्रोटोकॉल म्हणून अडवून ठेवला होता. तिकिटात "लूपबॅक जातो, सीसीएम जात नाही" आणि पत्ता, एवढं लिहिलं. वाद झाला नाही, फिल्टर अरुंद झाला.

त्याच चर्चेत त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मान्य करून घेतली: त्यांच्या दोन्ही टोकांच्या पोर्टवर लेव्हल ५ चे मिप. त्यांचं आतलं नेटवर्क आम्हाला दिसायला नको, हे रास्त आहे. पण शिरण्याचा दरवाजा आणि बाहेर पडण्याचा दरवाजा तरी आमच्या लिंकट्रेसला उत्तर देणारा हवा. मिप नसलेला स्विच लिंकट्रेसमध्ये दिसतच नाही.

लिंकट्रेसची एक खोड इथे सांगून ठेवतो. वाटेतला मिप लक्ष्याचा मॅक आपल्या मॅक टेबलात शोधतो आणि पोर्ट सापडलं तरच विनंती पुढे ढकलतो. सीसीएम चालू असतात तोवर टेबल ताजं राहतं, कारण प्रत्येक सीसीएममधून पाठवणाऱ्याचा मॅक शिकला जातो. सीसीएम बंद पडले की नोंदी शिळ्या होतात, बहुतेक स्विचवर ३०० सेकंदांत. म्हणजे बिघाड झाल्यावर पाच मिनिटांच्या आत लिंकट्रेस मारला तर वाट दिसते; चहा पिऊन येऊन मारला तर पहिल्याच थांब्यावर संपतो आणि भलत्याच जागी संशय जातो. काही स्विच मिपवर सीसीएमची वेगळी नोंदवही ठेवतात, तिच्यातल्या नोंदी निदान २४ तास टिकतात. आमच्या स्विचवर ती सोय आहे पण आपोआप चालू नसते, ती चालू केली. प्रोव्हायडरच्या डब्यांवर काय आहे ते आमच्या हातात नाही, म्हणून अलार्म आल्याबरोबर आपोआप लिंकट्रेस मारणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. उत्तरं उलटसुलट क्रमाने येतात, कारण प्रत्येक थांबा सेकंदाच्या आत मनाला येईल तेव्हा उत्तर देतो. टीटीएल (प्रत्येक थांब्यावर एकाने कमी होणारा आकडा) पाहून ती ओळीने लावायची.

याची परीक्षा प्रोव्हायडरच्या एका नियोजित कामानंतर झाली. एका व्हीलॅनचे सीसीएम दोन्ही टोकांना बंद, बाकीचे चालू, दिवे अर्थातच हिरवे. स्क्रिप्टने दोन्हीकडून लिंकट्रेस मारून ठेवले होते. आमच्या टोकाकडून त्यांच्या पहिल्या दरवाजाचं उत्तर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. पलीकडून बरोबर उलट. म्हणजे दोन दरवाजांच्या मध्ये, त्यांच्या घरात. तिकिटात तेवढंच टाकलं. नव्या डब्याच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या पोर्टवर) तो एक व्हीलॅन घालायचा राहून गेला होता, तो घातल्याचं उत्तर आलं. "आमच्याकडून लिंक अप आहे" हे वाक्य या वेळी आलं नाही.

अलार्मच्या बाबतीत मूळ वेळा तशाच ठेवल्या: दोष अडीच सेकंद टिकला तर अलार्म, दहा सेकंद दोष नसेल तर तो मिटवायचा. एक गोष्ट मात्र बदलली. मूळ सेटिंगमध्ये सगळ्यात खालचा दोष, म्हणजे नुसता आरडीआय, अलार्म देत नाही. आम्हाला तर तोच हवा होता, कारण दुसऱ्या टोकाच्या स्विचशी संपर्कच तुटला असेल तर तिथला अलार्म आमच्यापर्यंत येणार कसा? इथला आरडीआय निदान अर्धी बातमी देतो.

अजून न सुटलेली गोष्ट म्हणजे अलार्मचा पूर. प्रोव्हायडरची एक फायबर तुटली की चाळीस व्हीलॅन, दोन टोकं, ऐंशी अलार्म. वाय.१७३१ मध्ये यासाठी एआयएस आहे: खालच्या थराला बिघाड कळला की तो वरच्या लेव्हलला एआयएस पाठवतो, आणि वरचे मेप आपले अलार्म आवरतात. त्यासाठी प्रोव्हायडरने लेव्हल ३ वरून आमच्या लेव्हल ५ ला एआयएस पाठवायला हवं. मागणी केली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर मॉनिटरिंगमध्ये एकाच सर्किटचे अलार्म गोळा करून एक तिकीट उघडायचं आणि त्यात तुटलेल्या व्हीलॅनची यादी टाकायची, असं चाललं आहे. यादीत सगळे व्हीलॅन असले तर फायबर, एखाददुसरा असला तर कॉन्फिग. रात्रपाळीवाल्याला पहिला फोन कुणाला करायचा ते तेवढ्यावर ठरवता येतं.